हिलाल सरांची राहिलेली आठ पानं

हिलाल सर माझ्याशी एकदाही भांडले नाहीत. माझा त्यांच्यावरचा राग तो एवढाच, आणि तो अजून गेलेला नाही.

मी भांडणावर मोठी झालेली बाई आहे. चोपड्याहून जळगावात आले, दुसऱ्याच्या छापखान्यात खिळे जुळवले, आणि आज दोन ऑफसेट मशीनं माझ्या नावावर आहेत. कागदवाला, शाईवाला, बाइंडर, गिऱ्हाईक, सगळ्यांशी ताणाताणी करूनच मी उभी राहिले. समोरच्याने आवाज चढवला की मला पुढचं सगळं सुचतं. न भांडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मला कधी कळलं नाही.

सर पहिल्यांदा आले ते मार्चमधल्या एका दुपारी. सत्तरीच्या आतबाहेरचे, काटकुळे, पांढरे कॅनव्हासचे बूट खडूने रंगवल्यासारखे स्वच्छ, आणि खांद्याला कापडी पिशवी. धुळ्याच्या एका शाळेत तीस वर्षं खेळाचे मास्तर होते. जिल्ह्यात कुठेही लांब पल्ल्याची शर्यत असली की वेळ घ्यायला हिलाल सर, असं ठरलेलं. शर्टाच्या खिशात लोकांचं पेन असतं, त्यांच्या खिशात स्टॉपवॉच होतं.

"कादंबरी छापायची आहे," ते म्हणाले. "रहस्यकथा आहे."

मी म्हटलं, "धुळ्यात छापखाने नाहीत का?"

"शेत ना, आहेत की. पण ते बठ्ठे माझे विद्यार्थी. ते फुकट छापून देतील, आणि फुकटातल्या कामात चूक दाखवता येत नाही. तुम्ही भाव करता असं ऐकलं. भाव करणाऱ्याला चूक दाखवता येते."

मी भाव केला. तासभर केला. त्यांनी मधे एकदाही हो किंवा नाही म्हटलं नाही, नुसते ऐकत राहिले, आणि शेवटी मी थांबले तेव्हा खिशातून घड्याळ काढून बघितलं. "एकोणसाठ मिनिटं. दहा किलोमीटर आरामात झाले असते," म्हणाले, आणि मी सांगितलेला आकडा कबूल करून टाकला. जिंकूनही मला त्या दिवशी काही जिंकल्यासारखं वाटलं नाही.

कादंबरीचं नाव 'बत्तीसच्या पुढे'. पारोळ्याच्या थोडं अलीकडून धुळ्यापर्यंत बेचाळीस किलोमीटरची एक शर्यत. बत्तीसाव्या किलोमीटरनंतर शरीर माणसाचं ऐकत नाही असं सर सांगायचे. तिथेच, सगळ्यांच्या पुढे असलेला जगन नावाचा धावपटू पाणी पितो आणि रस्त्यावर कोसळतो. पाण्यात काहीतरी होतं. शर्यत चालूच आहे, मागून दोनशे माणसं पळत येतायत, पाणी टाकणारा त्यांच्यातच किंवा रस्त्याच्या कडेला आहे, आणि शेवटचा धावपटू धुळ्यात पोचेपर्यंत तो सापडला नाही तर सगळे आपापल्या घरी निघून जाणार. गोष्ट एवढीच. पण मी मशीनजवळ उभी राहून वाचायला लागले की मशीनमनला मला दोनदा हाक मारावी लागायची.

ही गोष्ट लिहिण्यासाठी सर तो सगळा रस्ता सायकलने गेले होते. पुढच्या चाकाला लाल चिंधी बांधून फेरे मोजत. कुठे निंब, कुठे गतिरोधक, कुठे केळीवाल्याची हातगाडी, सगळं वहीत. मी म्हटलं, "गोष्टच आहे ना, एखादं झाड इकडचं तिकडे झालं तर कोणाला कळणार?"

"जो त्या झाडाखाली बसतो त्याला."

त्यांचं सगळं असंच. शाळेच्या एका शर्यतीत त्यांचा सख्खा पुतण्या पहिला आला होता. लोक खांद्यावर घ्यायला धावले. सरांनी त्याला खाली बसवून बूट काढायला लावले. मोज्यांना गोखरूचे काटे. रस्त्याने पळणाऱ्याच्या मोज्याला गोखरू लागत नाहीत, पोरगा कपाशीच्या बांधावरून आडवा आला होता. सरांनी तिथल्या तिथे त्याला बाद केलं. भाऊ सहा महिने बोलला नाही. मी विचारलं, "वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. पण पोराला रागावलो नाही. त्याचे काटे काढून दिले."

हे ऐकून मला उगाच चीड आली. असल्या माणसाबरोबर घरात कसं राहत असतील, असं वाटलं. त्यांच्या सूनबाई पुढे मला म्हणाल्या, "मामांनी पोळी करपली असं कधी सांगितलं नाही. फक्त करपलेली ते आधी खातात. मग आपणच तवा बघतो."

प्रुफं बघायला आणि पुढची लिहून झालेली पानं द्यायला ते दर आठवड्याला धुळ्याहून एसटीने यायचे. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून शिसपेन्सिलीने बारीक खुणा करायचे. एकदा मी बाइंडरवर ओरडत होते, पत्रिकांची घडी उलटी घातली म्हणून. ओरडून झाल्यावर मागून आवाज आला, "तीन मिनिटं दहा सेकंद. मागच्या आठवड्यात चार वीस होतं. सुधारणा शे, अक्का." बाइंडर हसला. मग मीही हसले. मला वेळ लावून हसवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

ते बघत असायचे, हे मात्र मी लक्षात घ्यायला हवं होतं. मी डावरी आहे. गठ्ठ्याची सुतळी मी स्वतः बांधते आणि माझी गाठ उलटी बसते. मुद्दामच बांधते, कारण मधे कोणी गठ्ठा सोडून चार पत्रिका काढल्या तर परत तशी गाठ त्याला येत नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. सरांनी एक दिवस गठ्ठा हातात घेतला, गाठ फिरवून पाहिली आणि ठेवून दिली. विचारलं काही नाही.

आणि त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. मशीनमन सुपडूचं बोट रोलरमध्ये सापडलं तो दिवस. रक्त थांबेना. मी त्याचा हात फडक्यात गुंडाळून रस्त्यावर आणला, रिक्षा थांबवली, आणि रिक्षावाल्याने भाडं सांगितल्याबरोबर मी घासाघीस सुरू केली. सुपडू माझ्या खांद्यावर पांढरा पडलेला आणि मी म्हणतेय, "एवढं कशाला, चौकापर्यंत तर जायचंय." किती वेळ, मला माहीत नाही. सर पिशवी घेऊन मागे उभे होते. त्यांनीच सुपडूला उचलून आत बसवलं. त्या दिवशी त्यांनी घड्याळ काढलं नाही. सुपडूचं बोट वाचलं, तो अजून माझ्याकडेच आहे, त्याने तो विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

पण मी लिहिण्याआधीच ते छापलं गेलं होतं, माझ्याच मशीनवर.

कादंबरीत भागीरथी नावाची एक ठेकेदारीण आहे. शर्यतीत पाणी आणि केळी पुरवायचं काम तिचं. तोंडाने फटकळ, सगळ्यांशी घासाघीस करणारी. पहिले आठ फॉर्म, म्हणजे सोळा सोळा पानांचे आठ गठ्ठे, मला ती आवडत होती. नवव्या फॉर्मात जगन रस्त्यावर पडलेला असतो आणि भागीरथी टेम्पोवाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालते. वाक्य न वाक्य माझं. "चौकापर्यंत तर जायचंय" हेसुद्धा.

मी ते पान हातात घेऊन मशीनजवळ उभी राहिले. दहाव्या फॉर्मात जगन मरतो आणि सगळे तिच्याकडे बोट दाखवतात. पाणी तिचं, जार तिचे, जगनशी तिचं भांडणही झालेलं. एकशेसाठावं पान संपतं तिथे फौजदार तिच्या समोर येऊन उभा राहतो.

सर आले तेव्हा मी दार लावून घेतलं. "मला खुनी केलंत तुम्ही?"

"अक्का, पुरं वाचा."

"पुरेसं वाचलंय."

"अजून आठ पानं शेत."

"त्यात बेड्या असतील."

मला वाटलं आता बोलतील, आता आवाज चढेल, मग मी त्यांना ऐकवीन. ते म्हणाले, "बत्तीसला थांबणारा माणूस शर्यत चुकीची होती असंच सांगतो. वाचा तुम्ही." आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली आहे, शेवटच्या अर्ध्या फॉर्माचं प्रूफ डोळा बरा झाल्यावर बघतो, असं सांगून निघून गेले.

मी ती पानं वाचली नाहीत. हस्तलिखिताची ती आठ पानं खणात टाकली, आणि दहा फॉर्म बाइंडिंगला दिले.

नियमाने मी बरोबर होते. लेखकाने पास केलेला नाही तो फॉर्म छापायचा नाही, हा धंद्याचा नियमच आहे. प्रकाशनाची तारीख ठरलेली होती, तेव्हा झालं ते बांधलं, असं मी बाइंडरला सांगितलं. तो जुना माणूस. म्हणाला, "अक्का, गोष्ट संपत नाही." मी म्हटलं, "तुला कोणी विचारलं?" त्याने मान खाली घातली आणि गठ्ठ्यांवर यंत्राचा दाब मारला. तीनशे प्रती झाल्या.

प्रकाशन धुळ्याला, त्यांच्या शाळेच्या हॉलमध्ये झालं. सर काळा चष्मा लावून आले होते. डॉक्टरांनी वाचायला बंदी केली होती, म्हणून त्यांनी पुस्तक नुसतं हातात घेऊन बघितलं, नाकाजवळ नेऊन वास घेतला. मी मागच्या रांगेत बसले. का गेले होते तेही मला नीट सांगता येणार नाही. भांडण होईल म्हणूनच बहुतेक. तयारीने गेले होते.

पाहुणे म्हणून एक रिटायर तहसीलदार होते, त्यांना दोन दिवस आधी प्रत पोचली होती. त्यांनी खूप कौतुक केलं आणि मग हसत म्हणाले, "फक्त सर, पाणी कोनी बिघाडं ते काही समजनं नही. माझीच अक्कल कमी असेल."

हॉल हसला. सरांनी पुस्तक उघडलं. वाचता येत नव्हतं म्हणून शेवटच्या पानावरून अंगठा फिरवला, मग पुठ्ठ्यावरून, मग परत पानांच्या जाडीवरून. ज्याने तो रस्ता चाकाच्या फेऱ्यांनी मोजला त्याला आठ पानं अंगठ्याला कळली असणार. त्यांनी मान वर केली. काळ्या चष्म्यामुळे ते कुठे बघत होते ते मला दिसलं नाही.

"शेवट तोंडी सांगायचा बेत शे," ते म्हणाले. "बसा बठ्ठे. चहा नंतर घ्या."

ते सांगायला उभे राहिले आणि मी उठून बाहेर आले. आता माझी धिंड निघणार, ती बघायला कशाला थांबू, असं मनात म्हणत थेट स्टँडवर गेले.

मी वाट पाहिली. फोन येईल, नोटीस येईल, निदान हस्तलिखित परत मागतील. काही आलं नाही. महिना गेला, सहा महिने गेले. एखादा माणूस आपल्याशी भांडतच नाही हा केवढा अपमान असतो ते भांडणाऱ्यालाच कळेल. मी लोकांना सांगत फिरले की धुळ्याचे एक मास्तर आहेत, वर्षभर डोकं खाल्लं आणि साधा आभाराचा फोन नाही.

मग चोपड्याचे एक केळीवाले नाना मुलीच्या लग्नाच्या पत्रिका न्यायला आले. मी गठ्ठा बांधत होते. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, गाठीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "अक्का, भागीरथी म्हणजे तुम्ही की काय?"

मी तिथेच त्यांच्या अंगावर गेले. "तुम्हीही वाचलंत का ते? खुनी बाई म्हणून हसायला आलात?"

"खुनी?" ते गोंधळले. "अहो, तिनेच तर पकडलं ना त्याला."

मी त्यांना बसवलं. ते सांगू लागले. पुस्तक त्यांच्या साडूने आणलं होतं. वाचून झालं आणि शेवट नाही म्हणून ठेवून दिलं. एक दिवस हिलाल सर एसटीने चोपड्याला आले, पत्ता विचारत मळ्यात पोचले. "म्हणाले, आपल्याकडे माझ्या पुस्तकाची एक प्रत आहे, तिचा शेवट सांगायला आलोय. केळीच्या बागेत बसून अर्धा तास सांगितलं. पाणी प्यायले आणि बोदवडला जायचंय म्हणून निघाले. तिथेही एक प्रत होती म्हणे."

"सगळ्यांकडे जातात?"

"यादी होती त्यांच्याकडे. माझा पोरगा म्हणाला, सर, मोबाइलवर टाकून द्या ना सगळ्यांना. तर म्हणाले, मोबाइलवर माणूस पळता पळता वाचतो."

नाना गेल्यावर मी खण उघडला. ती आठ पानं उभ्यानेच वाचली.

फौजदार समोर येतो तेव्हा भागीरथी घाबरत नाही, चिडते. जार मागवते. प्रत्येक जारच्या तोंडावर फडकं आणि सुतळी तिने स्वतःच्या डाव्या हाताने बांधलेली असते, कारण तिचा कोणावर विश्वास नसतो. सगळ्या गाठी उलट्या. एकच सरळ. तो जार ज्याच्या गाडीतून आला तो शर्यतीचा एक पंच निघतो. सगळे ज्या स्वभावाला हसत होते त्यानेच खुनी सापडतो. आणि त्या सगळ्याच्या मधे दोन वाक्यं होती. टेम्पोची आठवण काढून कोणीतरी भागीरथीला टोमणा मारतं, तेव्हा जगनचा म्हातारा मास्तर म्हणतो, "तिचे हात बघितले का तेव्हा? लटपटत होते. भीती वाटली की ती भाव करते, तिला दुसरं काही येत नाही."

मी खाली बसले. माझे हात कोणी पाहिले असतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

आणि मी काय केलं होतं? ज्या पानांत मी सुटत होते तीच कापली होती. तीनशे घरांत त्या बाईला कायमची खुनी करून बसवलं होतं, आणि तिला सोडवायला एक सत्तरीचा माणूस एसटीने गावोगाव हिंडत होता. हस्तलिखित माझ्याकडे अडकलेलं, ते मागायचं तर का मागतोय ते बोलावं लागलं असतं. म्हणून सगळं आठवून सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सगळी कामं बाजूला ठेवून मी तो अर्धा फॉर्म छापला. प्रूफ तीनदा स्वतः वाचलं. तीनशे प्रतींचा गठ्ठा घेऊन धुळ्याला गेले. घरी सूनबाई होत्या. म्हणाल्या, "मामा देवपुरात गेलेत, एका बाईंकडे. चार गल्ल्या सोडून आहे, बसता की जाता?"

मी गेले. सकाळची दहाची वेळ. खाली एक खोली, पुढे ओटा, ओट्यावर खाटेवर पापड वाळत घातलेले. सर पायरीवर बसले होते, आणि एक साठीच्या बाई लाटणं मांडीवर ठेवून ऐकत होत्या. त्यांच्या मुलाने प्रकाशनात पुस्तक घेतलं होतं आणि तो नोकरीसाठी चाळीसगावला गेला होता, हे मला नंतर कळलं. सरांचा आवाज बसलेला होता. शेवट नुकताच संपला असावा, कारण त्या बाई म्हणत होत्या, "चांगली बाई निंघनी. पण मास्तर, हाई पुस्तकमा काबरं नही?"

मी विजेच्या खांबाजवळ थांबले.

"छापखानानी चूक नही," सर म्हणाले. "पानं मीच उशिरा दिनात. मनी चूक शे."

चूक अंगावर घेत ते सवयीने बोलले. कितव्यांदा तरी बोलत असल्यासारखे, न अडखळता. ज्याने सख्ख्या पुतण्याला शर्यतीतून काढलं तो माणूस घराघरांत जाऊन हे खोटं बोलत होता, आणि ते माझ्यासाठी होतं.

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. उठले. "या अक्का, या. काशीबाई, ह्या आमन्या जळगावन्या प्रेसवाल्या." मी पायरी चढले. गठ्ठा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी वरचा कागद उलगडला, बारीक डोळे करून दोन ओळी वाचल्या आणि परत घडी घातली. काशीबाईंनी मला पाण्याचा तांब्या दिला आणि हसून म्हणाल्या, "काय वं बाई, मास्तरनी उशीर कया म्हनीसन तुमले बी आते एवढं लांब येनं पडनं."

मला बोलायचं होतं. वाक्य तयार होतं, एसटीत साऱ्या वाटेने जुळवत आले होते. सर माझ्याकडे बघत होते, शांतपणे, घाई नसलेल्या माणसासारखे.

मी पाणी प्यायले. आणि म्हणाले, "हो ना. लेखक लोक उशीर करतातच."

सरांनी मान हलवली. तक्रार नव्हती त्यात. आठ पानांची एक घडी काढून काशीबाईंच्या हातात दिली, बाकीचा गठ्ठा कापडी पिशवीत भरला, पिशवी ओट्याला टेकवलेल्या सायकलच्या हँडलला अडकवली. जड झाली होती, हँडल एका बाजूला कलत होतं. "तुम्ही बसा, चहा घ्या," मला म्हणाले. "मी पुढच्या गल्लीतलं एक घर करून येतो." सायकलवर न बसता, एका हाताने पिशवी सावरत, ते चालत गेले. मी चहा घेतला, आणि ते परत यायच्या आत निघून आले.